माया लोक नाहीसे झाले, असं मी शिकवत होतो

"या डिसेंबरात आपण सगळे कानकूनला जाऊ या," असं धाकट्या बहिणीने कॅलिफोर्नियाहून फोनवर सांगितलं, तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "तिथं किबला कुठल्या बाजूला?" बहीण हसली. मी हसलो नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं आणि शिक्षकाला ते सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन बसलो. आमची कामठी साधारण २१.२ अंश उत्तर अक्षांशावर. कानकून २१.१६ वर. मक्का २१.४ वर. तिन्ही गावं जवळजवळ एकाच आडव्या रेषेत! सपाट नकाशा बघून कुणीही म्हणेल की कानकूनहून किबला थेट पूर्वेला. पण गोलावर दोरा ताणून धरला की तो पूर्वेला जात नाही, उत्तरेकडे चांगलाच झुकतो. म्हणजे तिथे तोंड करायचं ते जवळपास ईशान्येला. अम्मीला हे सांगितलं तर ती दोऱ्याकडे बघत म्हणाली, "मतलब अपनी ही लकीर पर है." त्या क्षणी तिच्यापुरती सहल पक्की झाली.

बहिणीचा बेत सरळ होता. समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात सहा रात्री, मनगटाला पट्टा, खाणंपिणं सगळं पॅकेजमध्ये. मधला एक दिवस बसने चिचेन इत्साला जायचं, पिरॅमिडसमोर फोटो काढायचा आणि रात्री परत. समुद्र नसलेल्या विदर्भात वाढलेल्या आम्हा भावंडांना निळ्या पाण्याचं वेड आहे, त्यामुळे मी लगेच हो म्हणालो. व्हिसाचीही अडचण नव्हती. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की भारतीय पर्यटकाला मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, आणि अम्मीच्या व माझ्या पासपोर्टवर तो आहे. (नियम बदलतात. तिकीट काढण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ पाहावंच.)

गाडी अडली ती भाचीमुळे. व्हिडिओ कॉलवर मी तिला मामाच्या अधिकाराने माहिती देत होतो. माया लोक फार हुशार, त्यांनी शून्य वापरलं, ग्रहणांचं गणित मांडलं, मग एक दिवस ते गूढरीत्या नाहीसे झाले. बारा वर्षांची ती पोर शांतपणे म्हणाली, "मामू, नाहीसे कसे? माझ्या मैत्रिणीची नानी माया बोलते. रोज फोनवर बोलते."

मी गप्प. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचे तास माझ्याकडे येतात, आणि अशा तासांना पोरांना गप्प बसवण्यासाठी मी 'नाहीशा झालेल्या माया लोकांची' गोष्ट कितीतरी वर्षं सांगत आलोय. पोरांना ती आवडायची. खोटी गोष्ट चांगली रंगते.

त्या आठवड्यात मी वाचायला बसलो. दक्षिणेकडची तिकाल, पालेंके, कोपान ही मोठी नगरं नवव्या शतकाच्या आसपास ओस पडत गेली, हे खरं आहे. दुष्काळ, आपसांतल्या लढाया, राजांवरचा उडालेला विश्वास अशी कारणं अभ्यासक देतात. पण नगर ओस पडणं आणि माणसं संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तरेतलं चिचेन इत्सा त्यानंतरच भरभराटीला आलं. समुद्राच्या कड्यावरच्या तुलुममध्ये तर स्पॅनिश लोक आले तेव्हाही वस्ती होती. आज युकातान द्वीपकल्पातली माया भाषा बोलणारे लोक २०२० च्या मेक्सिकोच्या जनगणनेत सुमारे पावणेआठ लाख भरले. शिवाय चियापास आणि ग्वाटेमालात त्याच कुळातल्या आणखी कितीतरी भाषा रोज बोलल्या जातात. सॅन फ्रान्सिस्कोत तर युकातानहून आलेल्या माया कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यातली बरीच ओश्कुत्सकाब या एकाच गावची. भाचीच्या मैत्रिणीची नानी तिथलीच निघाली.

मग 'नाहीसे झाले' ही गोष्ट कुणाच्या सोयीची? माझं मत स्पष्ट आहे. जमीन विकत घेणाऱ्याला मालक मेलेला असलेला बरा असतो. कानकून हे गावच १९७० नंतर सरकारी योजनेतून वसवलेलं आहे. त्याआधी तिथे वाळूचा दांडा, खारफुटी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. आज ज्या किनाऱ्याला जाहिरातींत 'रिव्हिएरा माया' म्हणतात, तिथे एकोणिसाव्या शतकात हेच माया लोक हत्यारं घेऊन उभे होते. १८४७ मध्ये त्यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला आणि पुढची पन्नासेक वर्षं द्वीपकल्पाचा पूर्व भाग जवळजवळ स्वतःच चालवला. १९०१ मध्ये मेक्सिकोच्या फौजा त्यांच्या मुख्य गावात शिरल्या. जाहिरातीला 'माया' हे नाव हवं असतं. भांडणारा, जमिनीचा हिशोब मागणारा माया नको असतो.

जाता जाता आपल्याकडच्या दोन व्हॉट्सॲप पोथ्यांचंही सांगतो. एक म्हणते, महाभारतातला मयासुर अमेरिकेला गेला आणि त्याने हे पिरॅमिड बांधले, म्हणून ते 'माया'. दुसरी माझ्या बिरादरीत फिरते : कोलंबसाच्या आधीच मुसलमान दर्यावर्दी तिथे पोहोचले होते आणि सगळं ज्ञान त्यांनीच दिलं. पहिलीवर आमचे लोक हसतात, दुसरी पुढे पाठवतात. दोन्हींचा उद्योग एकच आहे : ज्याने बांधलं त्याच्या हातून ते काढून घ्यायचं. 'माया' हे नाव तिथल्याच मायापान या जुन्या नगराशी जोडलं जातं. आपल्या संस्कृत मायेशी त्याचा संबंध योगायोगापुरताच.

पण मुसलमानांचा त्या किनाऱ्याशी एक खरा संबंध आहे, आणि तो अभिमानाचा नाही. १५१७ मध्ये पहिली स्पॅनिश जहाजं युकातानच्या ईशान्य टोकाला लागली. किनाऱ्यावरून दगडी इमारतींचं मोठं गाव दिसलं. एवढं मोठं गाव त्यांनी त्या नव्या मुलखात पाहिलेलं नव्हतं, तर त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'ग्रान काइरो', म्हणजे महाकाहिरा. पुढे कोर्तेसने मध्य मेक्सिकोतल्या मंदिरांबद्दल राजाला लिहिताना शब्द वापरला 'मशिदी'. चोलुला शहरात आपण चारशेहून अधिक मिनार मोजले, सगळे मशिदींचे, असं त्याने कळवलं. हे वाचून आमच्यातला कुणी उत्साही गडी म्हणेल, बघा, मशिदी होत्या! नव्हत्या. ग्रॅनडा पडून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. त्या सैनिकांच्या डोक्यात 'आपलं नसलेलं प्रार्थनास्थळ' या कल्पनेला एकच शब्द होता. शत्रूचं चित्र घरून बरोबर नेलेलं होतं, तिथे फक्त माणसं बदलली.

आणि पद्धतही तीच नेली. ग्रॅनडात १५०० च्या आसपास कार्डिनल सिस्नेरोसने अरबी ग्रंथांची चौकात होळी केली. तो फ्रान्सिस्कन पंथाचा. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदाने माया लोकांची पुस्तकं आणि मूर्ती जाळल्या. तोही फ्रान्सिस्कन. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद, त्यावर चुन्याचा थर, घड्या घालून केलेली पोथी. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्या आहेत : ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको सिटी. ज्या युकातानमध्ये होळी झाली तिथे एकही नाही.

या लांदाचा हिशोब मला अजून लावता येत नाही. त्याच माणसाने पुढे स्पेनमध्ये बसून माया लोकांच्या चालीरीती, पंचांग आणि लिपीबद्दल लिहून ठेवलं. अक्षरं म्हणून त्याने जी चिन्हं काढली होती, ती जवळजवळ चारशे वर्षं कुणाला नीट कळली नाहीत. १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोवने त्यांच्याच आधारे दाखवलं की ती अक्षरं नसून उच्चारांची, म्हणजे आपल्या क, का, कि सारखी, चिन्हं आहेत. त्याने तोवर एकही माया शहर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे ज्याने पुस्तकं जाळली, त्याच्याच वहीतून उरलेली पुस्तकं वाचायची किल्ली सापडली. वर्गात हे सांगितलं तर एखादं पोर विचारेल, "मग सर, तो चांगला की वाईट?" त्याने जाळलं तेव्हा वाईटच केलं. वहीमुळे जळालेली पानं परत येत नाहीत.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते, हे कबूल करतो. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी उर्दू बोलली जाते, पण आजोबांनी लिहिलेलं पत्र त्यांना वाचता येत नाही. कुणी होळी केली नाही, तरी. माझी भाची उर्दू समजते, इंग्रजीत उत्तर देते आणि तिची मराठी 'पाणी दे'च्या पुढे गेलेली नाही. तिच्या मैत्रिणीच्या घरी नानी मायात बोलते, आई स्पॅनिशमध्ये आणि मैत्रीण इंग्रजीत. दोन्ही घरांचं दुखणं एकच.

म्हणून मी बहिणीला सांगितलं, बेत बदलायचा. ती वैतागली. "भाई, मी वर्षभर ऑफिसात पिसते, मला वाळूत पडायचंय. तुझा तास नकोय." तिचं चुकलेलं नाही. भांडून, रुसून, दोन रविवार अबोला धरून शेवटी जे ठरलं ते असं.

पहिल्या तीन रात्री समुद्राच्याच, पण कानकूनच्या हॉटेलांच्या रांगेत नाही. दक्षिणेला पुएर्तो मोरेलोस नावाचं छोटं मच्छीमार गाव आहे. प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून जवळ, त्यामुळे लाटा मवाळ. डिसेंबर निवडला याचं कारण भाचीची सुट्टी तर आहेच, पण ऋतूही आहे. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. साधारण एप्रिलपासून उन्हाळाभर सारगासो नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ लाटांबरोबर येऊन किनाऱ्यावर ढिगाने कुजतं. जाहिरातीतल्या पांढऱ्या वाळूत हा ढीग कधी दिसत नाही. डिसेंबरात हवा आपल्या नागपूरच्या फेब्रुवारीसारखी, फक्त मधूनच उत्तरेचा गार वारा सुटतो. दर मात्र नाताळामुळे चढे असतात, आणि मला काही रजा बिनपगारी घ्यावी लागणार आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.

मग दोन रात्री वायादोलिदला. हे साकी नावाच्या माया गावावर वसवलेलं शहर. इथून चिचेन इत्सा पाऊण तासावर, त्यामुळे सकाळी आठला दार उघडताच आत जाता येतं. कानकूनच्या बसगाड्या दोनशे किलोमीटर तुडवून येईपर्यंत ऊनही चढतं आणि गर्दीही. एक घोळ लक्षात ठेवावा : कानकूनचं राज्य आणि चिचेन इत्साचं राज्य वेगळं, आणि दोघांच्या घड्याळांत एका तासाचा फरक. पश्चिमेला जाताना तास मिळतो, परतताना जातो. अम्मीच्या नमाजच्या वेळा मी वहीत दोन रकान्यांत मांडल्या आहेत.

चिचेन इत्साचा पिरॅमिड चढायला बंदी आहे, गुडघ्याने कुरकुरणाऱ्या अम्मीला हे ऐकून हायसं वाटलं. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. पण मला त्याच्या नावात जास्त रस आहे. 'चि' म्हणजे तोंड, 'चेन' म्हणजे विहीर : इत्सा लोकांच्या विहिरीचं तोंड. गंमत अशी की या नावातले दोन 'च' एक नाहीत. दुसरा 'च' घशात श्वास अडवून, फटकन सोडून म्हणायचा. मायात असे जोडीजोडीचे आवाज पुष्कळ आहेत. 'क़लम' आणि 'कलम' यांतला फरक पोरांच्या गळी उतरवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे मला हे वाचून भावकी भेटल्यासारखं झालं. आणि तोंड, विहीर हे काही मेलेले शब्द नाहीत. तिथली बाई आजही विहिरीला तेच म्हणते.

विहिरी म्हणजे तिथलं जीवनच. उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नद्या नाहीत. चुनखडीचा खडक पाणी पिऊन टाकतो आणि खाली नद्या वाहतात. छत कोसळलं की निळ्या पाण्याचा डोह उघडा पडतो, त्याला म्हणतात सेनोते, आणि हाही मूळचा माया शब्द. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जी उल्का पडली, तिच्या विवराच्या कडेकडेने या डोहांचं कडंच तयार झालंय. पोहायचं तर गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या डोहावर जायचं, आधी नुसत्या पाण्याने अंघोळ करायची, अंगाला क्रीम लावायचं नाही. लोक हेच पाणी पितात. याच डोहांच्या पोटातून नव्या 'माया रेल्वे'चे लोखंडी खांब गेलेत. २०२३ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. मेहुणे रेल्वेने जाऊ म्हणत होते. मी गाडी भाड्याने घ्यायला लावली, आणि कबूल करतो की त्यात तत्त्व निम्मं आणि अम्मीचा गुडघा निम्मा.

खाण्याचं सांगितलं पाहिजे, कारण वाचकांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न तोच असेल. युकातानचा सर्वांत गाजलेला पदार्थ कोचिनिता पिबिल हा डुकराच्या मांसाचा. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे चरबी. घेवड्याची उसळ, मक्याच्या तळलेल्या पुऱ्या, तामाले यांत बिनबोभाट डुकराची चरबी पडते. 'सिन मान्तेका' हे दोन शब्द पाठ करून जायचं : चरबीशिवाय. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. केळीच्या पानात भाजलेली, शेंदरीच्या वाटणातली मासळी मिळते. भोपळ्याच्या बियांच्या दाट रश्श्यात मक्याची पोळी बुडवून आत उकडलेलं अंडं घालतात, त्याला पापाद्सुलेस म्हणतात. आणि मक्याची भाकरी पाहून अम्मी परकं मानणार नाही, तशीच तिथल्या बायकांचा पांढरा, गळ्याशी फुलांचं भरतकाम केलेला सैल झगा पाहूनही.

शेवटच्या दोन रात्री इसामाल आणि मेरिदा. इसामाल हे पिवळ्या रंगाने रंगवलेलं सुंदर गाव, आणि मधोमध प्रचंड मठ. तो मठ माया पिरॅमिडच्या चौथऱ्यावर, त्याचेच दगड वापरून उभारलेला आहे. बाहेर लांदाचा पुतळा. मी मेहुण्यांना सांगितलं, फोटो काढा, पण भाचीला उभं करून कशावर काय बांधलंय ते दाखवा. दाखवताना आपल्याकडच्या भांडणांचा विषय निघेल, तोही निघू द्यावा.

आणि एक दिवस मानी. तिथे बघण्यासारखं फारसं नाही, असं प्रवासाच्या वेबसाइट सांगतात. मोठा जुना चर्च-मठ, समोर मोकळं पटांगण. तिथे तिकीट काढायचं नाही, वेळ ठरवायची नाही, त्यामुळे बहिणीच्या तक्त्यात त्या दिवसाचा रकाना रिकामाच होता. तिने तो दोनदा खोडला आणि मी दोनदा भरला. मानीपासून ओश्कुत्सकाब अगदी जवळ, संत्र्यांच्या बागांचं गाव.

मागच्या आठवड्यात भाचीने एक व्हॉइस नोट पाठवली. तिच्या मैत्रिणीच्या नानीचा आवाज. दोन शब्द शिकवले आहेत. 'बिश अ बेल?' म्हणजे कसं काय, पण शब्दशः 'तुझी वाट कशी आहे?' आणि आभार मानताना 'दियोस बोओतिक' : याची फेड देव करो. मी ते अम्मीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "हे तर जज़ाकल्लाह झालं." अगदी तेच झालं. आता ती घरात पाण्याचा ग्लास दिला तरी 'दियोस बोओतिक' म्हणते, आणि भाची फोनवर उर्दूत तिचा उच्चार सुधारते. उर्दूत!

मानीचा रकाना बहिणीने काल स्वतःच भरला. नानीची धाकटी बहीण ओश्कुत्सकाबला राहते आणि तिला एक पाकीट पोहोचवायचं आहे. आत काय आहे ते कळलंय : चॉकलेटचे डबे, पोत्यांचे फोटो आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा. अम्मीने निरोप दिला आहे की तसलाच एक पट्टा तिच्यासाठीही घेऊन ठेवावा, आणि दोन्हींवर नावं घालावीत म्हणजे अदलाबदल होणार नाही.